ॲसिड स्ट्रेसचा प्रयोग करताय? आधी या चुका टाळा

ई. कोलाय, साल्मोनेला नाहीतर लिस्टेरिया असा एखादा बॅक्टेरिया घ्यायचा, त्यावर ॲसिड टाकायचं, दोन तासांनी किती जगले ते मोजायला प्लेट लावायच्या आणि 'स्ट्रेन ॲसिड-रेझिस्टंट निघाला', म्हणजे या वाणाला ॲसिड सोसतं, म्हणून मोकळं व्हायचं. असले रिझल्ट बघून बघून वैताग आलाय. ॲसिडच्या आदल्या रात्री तो बॅक्टेरिया कशात वाढला, काय खाऊन वाढला, हे कोणी विचारतच नाही.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक हीच. एक ज्युनियर मुलगा ई. कोलायचा एक म्युटंट (जीनमध्ये बदल असलेला स्ट्रेन) घेऊन आला, पीएच २.५ ला मूळ स्ट्रेन मस्त जगतोय आणि म्युटंट साफ मरतोय, जीन सापडला म्हणे, स्लाइड्ससुद्धा तयार. मी फक्त विचारलं की ओव्हरनाइट कल्चरच्या, म्हणजे रात्रभर वाढवलेल्या पेशींच्या, वरच्या पाण्याचा पीएच किती होता. मोजलाच नव्हता. मोजायला लावला तर मूळ स्ट्रेनचा ५ च्या खाली आणि म्युटंटचा ७ च्या आसपास, कारण 'वाढ चांगली होते' म्हणून एका फ्लास्कच्या टीएसबीत (बॅक्टेरिया वाढवायच्या सूपमध्ये) ग्लुकोज १% केलं होतं आणि दुसऱ्यात ग्लुकोज नव्हतंच. म्हणजे मूळ स्ट्रेन रात्रभर स्वतःच्याच ॲसिडमध्ये बसून आधीच तयार झालेला! त्यावर कडी म्हणजे १ मिली कल्चर न धुता सरळ ९ मिली ॲसिड मीडियात ओतलेलं, त्यामुळे पीएच तर वर गेलाच, पण टीएसबीतली अमिनो ॲसिडंही सोबत गेली.

ते का महाग पडतं बघा. ई. कोलायकडे ॲसिडपासून वाचायच्या एकाहून जास्त सिस्टीम असतात. ग्लुकोजवर वाढला की त्यातली पहिली, आरपीओएसवाली (आरपीओएस म्हणजे स्ट्रेसमध्ये जीन चालू करणारं प्रोटीन) सिस्टीम दबलेली असते, मग तो बाहेरून मिळणाऱ्या ग्लुटामेट नाहीतर आर्जिनिनवर जगतो. गॅडए आणि गॅडबी ही एन्झाइम्स ग्लुटामेटचं गाबा नावाचं रसायन करतात, दर रेणूमागे पेशीतला एक प्रोटॉन खर्च होतो, आणि गॅडसी हे मेंब्रेनमधलं प्रोटीन गाबा बाहेर टाकून नवीन ग्लुटामेट आत घेतं; ही झाली गॅड सिस्टीम. या सिस्टीम चालू असल्या तरी बाहेर २.५ असताना आतला पीएच ७ वगैरे राहत नाही, ४ ते ५ च्या दरम्यान येतो, आणि ही एन्झाइम्स नेमकी तिथेच जोरात चालतात. म्हणून तुमच्या ट्यूबमध्ये चुकून गेलेलं थोडंसं ग्लुटामेट अख्खा रिझल्ट फिरवू शकतं. त्या मुलाला दोन्ही स्ट्रेन एकाच मीडियात वाढवून, धुऊन परत करायला लावलं, तर फरक जवळजवळ गायबच झाला. बिचाऱ्याचं तोंड बघवत नव्हतं, पण धुवायला पंधरा मिनिटं लागतात हो, तेवढीही घाई कशाला?

मी स्वतः वरच्या पाण्याचा पीएच दरवेळी वहीत लिहितो, पेशी सलाइनने दोनदा धुतो आणि कल्चर टाकल्यानंतर पीएच परत बघतो. कोणी शिकवलं म्हणून नाही, सवय आहे.

दुसरी चूक, 'पीएच सेम म्हणजे स्ट्रेस सेम'. अजिबात नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात पूर्ण सुटं होतं, पण ॲसेटिकचा पीकेए (ज्या पीएचला ॲसिडचे अर्धे रेणू सुटे होतात तो आकडा) ४.७६, म्हणजे त्या पीएचला अर्धे रेणू अखंड असतात आणि ते मेंब्रेनमधून सरळ आत शिरतात. आत गेल्यावर सुटे होतात, प्रोटॉनही सोडतात आणि ॲसेटेटही साठत जातं. लॅक्टिकचा पीकेए ३.८६, त्यामुळे त्याच पीएचला त्याचं गणित परत वेगळं. कुठलं ॲसिड आणि किती मिलिमोलर हे न लिहिता नुसता पीएच ४.५ लिहिलेला रिपोर्ट मी वाचतच नाही.

बाकीच्या पटापट सांगतो. लॉग फेजमधल्या (भराभर वाढणाऱ्या) पेशींची तुलना स्टेशनरीवाल्यांशी (वाढ थांबलेल्यांशी) करू नका. साल्मोनेलात गॅड सिस्टीम शोधत बसू नका, त्याच्याकडे ती नाहीये, तो लायसिन आणि आर्जिनिनवर काम भागवतो. लिस्टेरियाचा गाबा फक्त बाहेरच्या मीडियात मोजू नका, तो आतही बनतो. मीडिया ॲसिड घालून ऑटोक्लेव्ह केला असेल तर थंड झाल्यावर पीएच परत तपासा, मी तर फिल्टरच करतो. आणि काउंट थेट सिलेक्टिव्ह प्लेटवर (जिच्यात बाकीचे बॅक्टेरिया रोखणारी रसायनं असतात) घेऊ नका, ॲसिडने जखमी झालेल्या पेशी तिथे उगवत नाहीत आणि तुम्ही त्यांना मेलेल्या समजता. साध्या टीएसएवर (अशी रसायनं नसलेल्या अगार प्लेटवर) लावा, थोडा वेळ जाऊ द्या, मग वरून सिलेक्टिव्ह मीडियाचा थर ओता.