सोलापुरी चादरीत मुरलेली सिली पुटी अशी काढली

सुट्टीत भाचा आला होता, त्याची ती ताणली की लांब होणारी आणि आपटली की उसळणारी खेळण्यातली सिली पुटी रात्रभर चादरीवर राहिली, त्यात सोलापूरचा मे महिना, सकाळी बघतो तर पार विणीत उतरलेली. चादर आईच्या आवडीची, मोराच्या डिझाईनची, टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता.

ही स्लाईम नाही हे आधी लक्षात घ्या. सिलिकॉन तेल आणि बोरिक ॲसिडपासून बनते, १९४३ मध्ये अमेरिकेत जेम्स राइट हा इंजिनिअर कृत्रिम रबर बनवायच्या प्रयत्नात असताना ही सापडली. त्यामुळे नुसत्या पाण्याने ढिम्म हलत नाही, आणि ठेवली तिथे हळूहळू पसरते, उष्णतेने जास्तच. म्हणून गरम पाणी, इस्त्री अजिबात नको.

मी तेवढा भाग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला, पुटी कडक झाल्यावर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडली, बरीचशी निघाली. धाग्यात उरलेल्यासाठी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. आधी कोपऱ्यावर लावून बघा, रंग सुटतोय का ते, सोलापुरी चादरीला हे करायलाच पाहिजे. मग कापसाने टिपत राहायचं, घासायचं नाही, घासलं की आत जाते. कापूस सारखा बदलायचा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, पोरं लांब. शेवटी भांड्याचा साबण आणि गार पाणी.

चिकटपणा जाणवला तर चादर वाळत घालायच्या आधीच परत टिपून घ्या.