साखरपुड्याची अंगठी घेताय? कोंदणाच्या या चुका टाळा

साखरपुड्याच्या अंगठीसाठी आलेली जोडपी पहिला तासभर हिऱ्यावरच घालवतात. किती सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग), रंग कोणता, क्लॅरिटी काय, सर्टिफिकेट कुठल्या लॅबचं. कोंदणाचा विषय निघतो शेवटच्या पाच मिनिटांत, तोही मोबाइल पुढे करून, "हे असंच हवंय." दादरच्या आमच्या दुकानात दुरुस्तीचं काउंटर मी सांभाळते. हिरा खराब निघाला म्हणून कुणी आलंय असं क्वचितच होतं. येतात त्या उचललेल्या नखांच्या, खडे पडलेल्या, चेपलेल्या, बोटात न जाणाऱ्या अंगठ्या. म्हणजे दोष कोंदणाचा किंवा रिंगचा, म्हणजे बोटाभोवतीच्या कड्याचा, आणि बहुतेक वेळा तो अंगठी घेतानाच टाळता आला असता.

कामाच्या हाताला उंच कोंदण

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, म्हणून आधी हीच.

सॉलिटेअरला, म्हणजे अंगठीतल्या एकट्या मोठ्या हिऱ्याला, चारी बाजूंनी धरणारी सोन्याची बारीक नखं म्हणजे प्रॉन्ग. हिरा रिंगच्या वर उचलून सहा नखांवर बसवायची पद्धत न्यूयॉर्कच्या टिफनी या सराफी पेढीने १८८६ साली आणली. हिऱ्याला सगळीकडून उजेड मिळावा हा त्यामागचा विचार. पुढे चार नखांचा प्रकार लोकप्रिय झाला, कारण त्यात खडा जास्त मोकळा दिसतो. त्यावर "उंच घ्या, मोठा दिसेल" हा विक्रेत्याचा सल्ला. मोठा दिसतो हे खरंच आहे. पण चारांतलं एक नख उचललं की उरलेल्या तिघांना हिरा धरून ठेवणं जमत नाही. सहा असतील तर एक गेलं तरी हिरा सहसा जागेवर राहतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

डोंबिवलीहून परळला नोकरीला येणारी एक नर्स काउंटरवर आली होती. रुमालाच्या गाठीत अंगठी, आणि अंगठीत हिरा नाही. ५० सेंटचा होता. सासरच्यांना अजून सांगितलं नव्हतं. गर्दीत कुणीतरी काढून घेतला अशी तिची खात्री होती. भिंगाखाली धरली तर तीन नखं सरळ, चौथं बाहेर वळलेलं, आणि त्याच्या पोटात गुलाबी धाग्याचा एक बारीक पुंजका अडकलेला. तिला विचारलं, गुलाबी काय आहे तुझ्याकडे? तिच्याकडे काहीच नव्हतं. लेडीज डब्यात शेजारी उभ्या असलेल्या कुणाची तरी ओढणी असणार. दांड्याला धरलेला हात खाली घेताना ओढणी नखात अडकली, तिने हिसका दिला, आणि हिरा दिवा ते कुर्ला यांच्यामध्ये कुठेतरी पडला.

खरी गोष्ट पुढे कळली. ड्यूटीवर तिचे हातमोजे आधीपासूनच फाटत होते, नेहमी त्याच बोटापाशी. घरी स्वेटर काढताना अंगठी अडायची. नख कधीच उचललं होतं. दर वेळी ते थोडं जास्त वळत गेलं आणि ओढणी फक्त शेवटची ठरली. अंगठी कपड्यात अडकायला लागली की ती त्याच दिवशी दुकानात आणायची असते, हे तिला विकताना कुणीच सांगितलं नव्हतं. "चोवीस तास घाला, हिऱ्याला काही होत नाही" एवढंच सांगितलं होतं. हिऱ्याला खरंच काही होत नाही. त्याला धरणाऱ्या सोन्याला होतं.

नंतर तिने लहान हिरा घेतला आणि मी तो बेझलमध्ये बसवायला लावला. बेझल म्हणजे हिऱ्याच्या कडेने सोन्याची अखंड पट्टी. कपडा अडकायला टोकच उरत नाही. नर्स, डॉक्टर, लॅबमध्ये काम करणारे, लहान मुलांच्या शिक्षिका, रोज लोकलने जाणारे आणि घरी कणीक मळणारे, सगळ्यांना मी आधी हेच दाखवते. "हिरा लहान दिसतो, चमक मरते" अशी कुरकुर होतेच. नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात उजेड वरून शिरतो आणि वरूनच परत येतो, त्यामुळे कडेच्या पट्टीने चमक मरत नाही. पट्टी पांढऱ्या सोन्याची असेल तर ती हिऱ्यात मिसळते आणि खडा उलट मोठाच वाटतो. फक्त मागची बाजू उघडी ठेवायला सांगा, म्हणजे आतला साबणाचा थर धुता येतो. पूर्ण बेझल डोळ्यांना जड वाटत असेल तर दोन बाजूंनी पट्टी आणि दोन बाजू मोकळ्या असा अर्धा बेझल मिळतो.

नखांचंच हवं असेल तरी हरकत नाही. सहा नखं घ्या, टोकं गोल घासून घ्या आणि हिरा रिंगपासून शक्य तेवढा खाली बसवायला सांगा.

दुकानात माझी एक सवय आहे. अंगठी पसंत पडली की मुलीला म्हणते, हात जीन्सच्या खिशात घाल आणि बाहेर काढ. पर्सच्या आतल्या कप्प्यातून किल्ली काढ. मग ओढणीवरून उलटा हात फिरव. समारंभाला पैठणी नेसणार असेल तर जरीच्या पदराचा विषय काढतेच, कारण जरीची एक तार ओढली गेली की ती साडी पूर्वीसारखी होत नाही. मॉडेलचा हात फोटोत गुलाबाच्या फुलावर ठेवलेला असतो. त्या हाताला ना डबा भरायचा असतो, ना ८:१२ची फास्ट पकडायची असते.

बावीस कॅरेटचा हट्ट

इथे जोडपं गप्प बसतं आणि सोबत आलेल्या काकू बोलतात. "अठरा कॅरेट म्हणजे भेसळ. मोडीला काय हातात येणार?" त्यांच्या अनुभवात तथ्य आहे. पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र बावीसमध्येच घ्यावं असं माझंही मत आहे. पण हिऱ्याचं कोंदण हे वेगळं काम आहे. बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, अठरामध्ये ७५ टक्के. उरलेल्या तांबं, चांदी वगैरेंनीच सोन्याला कडकपणा येतो. बावीसचं बारीक नख परातीला, स्कूटीच्या हँडलला घासून घासून वाकतं आणि झिजतं.

मोडीचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवते. ४ ग्रॅमची अंगठी बावीसमध्ये घेतली तर शुद्ध सोनं साधारण ३.६६ ग्रॅम, अठरामध्ये ३ ग्रॅम. फरक ग्रॅमच्या दोन तृतीयांशाइतका, आणि तेवढ्या सोन्याचे पैसे घेतानाही तुम्ही दिलेले नसतात. म्हणजे तोटा कुठेच नाही. तेवढ्यासाठी हिरा धोक्यात घालू नका. काकू तरीही ऐकत नसतील तर बावीसमध्ये जाड पट्टीचा पूर्ण बेझल करून घ्या, नखं मात्र नकोत.

अठराच्या अंगठीच्या आत ७५०ची खूण, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, असायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक तिथेच दुकानात टाकून पाहा. दुकानदाराला राग येईल म्हणून संकोच करू नका, चांगल्या दुकानदाराला येत नाही.

दोऱ्यासारखी रिंग आणि तिच्याभोवती सगळीकडे खडे

सध्या सगळ्यांना नाजूक हवंय. नाजूक म्हणजे किती, तर रिंगची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली गेली की ती रोजच्या वापरात गोल राहत नाही. बॅगेचा पट्टा, जिममधलं डंबेल, बसचा दांडा, सगळ्यांनी थोडी थोडी चेपत जाते. चेपली की तिच्यावरचे पावे खडे, म्हणजे सोन्याच्या बारीक मण्यांनी धरलेले छोटे हिरे, एकेक करून सुटतात. अशी अंगठी घेऊन येणारी मुलगी म्हणते, "एकच खडा पडलाय, पटकन बसवून द्या." एक बसवला तरी शेजारचे तितकेच सैल असतात. सगळे तपासल्याशिवाय मी अशी अंगठी परत देत नाही, आणि त्याला दिवस लागतात. रागावलेली गिऱ्हाइकं मी सहन करते.

त्यातून खडे पूर्ण गोलाकार लावलेले असतील तर माप जवळजवळ बदलता येत नाही. माप बदलायला रिंग कापून सोनं घालावं किंवा काढावं लागतं, आणि कापायला साधी जागाच उरलेली नसते. बोट आयुष्यभर तेवढंच राहत नाही. बाळंतपणात बदलतं, वजनाने बदलतं. खडे वरच्या अर्ध्या भागातच घ्या, खालचा भाग साधा ठेवा. तळहाताकडचे खडे तसेही कुणाला दिसत नाहीत.

मापाचंही इथेच सांगते. मुंबईच्या मे महिन्यात सकाळी सैल असलेली अंगठी संध्याकाळी रुतते. उन्हातून चालत आल्या आल्या माप देऊ नका, आणि एसीत अर्धा तास बसून गारठलेल्या बोटाचंही देऊ नका. मी दोन वेगळ्या वेळी माप घेते. रुंद पट्टीची अंगठी असेल तर माप थोडं मोठं लागतं, आणि मापाची रिंगही तेवढीच रुंद वापरावी. सांध्यावरून जाताना किंचित अडली पाहिजे.

बाकीच्या, थोडक्यात

पेअर, मार्कीज, प्रिन्सेस अशा टोकदार हिऱ्यांच्या टोकावर व्हीच्या आकाराचं नख हवंच. हिरा सगळ्यात कठीण असला तरी ठरावीक दिशेने बसलेल्या धक्क्याने तो चिरतो, आणि टोक ही त्याची सगळ्यात नाजूक जागा.

पाचू आवडतो? घ्या, पण बेझलमध्येच. बहुतेक पाचूंच्या बारीक चिरांत तेल भरलेलं असतं, म्हणून तो अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवायला देऊ नका. माणिक आणि नीलम रोजच्या वापराला जास्त टिकाऊ. मोती फार मऊ, घामाने आणि लिंबाने खराब होतो. तो रोजच्या अंगठीत नको.

पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो. रोज घातली तर वर्ष-दोन वर्षांत पिवळट झाक दिसू लागते आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. हे फसवणुकीतून होत नाही, धातूच तसा आहे. त्रास नको असेल तर प्लॅटिनम घ्या. मात्र ते १,७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, सोनं १,०६४ला. त्यामुळे प्लॅटिनमची दुरुस्ती गल्लीतल्या प्रत्येक कारागिराकडे होत नाही.

प्रेशर सेटिंगमध्ये बरेच छोटे हिरे एकमेकांना खेटून बसवतात आणि लांबून एक मोठा सॉलिटेअर वाटतो. पैसे कमी लागतात. पण एक पडला की त्याच मापाचा आणि पैलूचा दुसरा शोधताना जीव जातो. समारंभापुरतं ठीक, रोजच्या हातासाठी नाही.

कुंदनची अंगठी साखरपुड्याला सुंदर दिसते. मात्र तिच्या पोटात लाख असते आणि खड्यामागे वर्ख. पाणी शिरलं की खडा काळवंडतो. भांडी घासताना ती बोटात असेल तर एक पावसाळाही पुरेसा आहे.

नवऱ्या मुलाची अंगठी कुणी विचारात घेत नाही. बाइक चालवणारा, जिमला जाणारा मुलगा असेल तर खडा रिंगच्या पृष्ठभागाच्या आत रुतवलेला, फ्लश प्रकारचा घ्या. आणि मशीनवर काम करत असेल तर कामावर अंगठी घालायचीच नाही. ती अडकली तर बोटावर बेतू शकतं.

घाई

"रविवारी साखरपुडा आहे, शुक्रवारपर्यंत द्या." अशा ऑर्डरला मी नाही म्हणते. डिझाइन, मेणाचा साचा, ओतकाम, घासकाम, खडे बसवणं, पॉलिश, हॉलमार्क, हे सगळं वेगवेगळ्या हातांतून जातं. झवेरी बाजारात दोन दिवसांत करून देणारे भेटतील. त्यांनी वेळ कुठे वाचवलेला असतो ते मला माहीत आहे: खडे बसवून झाल्यावरच्या तपासणीत. तीन आठवडे हाताशी ठेवा. नसतील तर समारंभाला साधी सोन्याची अंगठी घाला आणि हिऱ्याची नंतर, नीट करून घ्या.

अंगठी हातात मिळाली की उरलेले पैसे देण्याआधी ती कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. कट-कट ऐकू आलं तर खडा सैल आहे. भिंग मागून घ्या आणि प्रत्येक नख हिऱ्याला टेकलंय ना ते पाहा. घरीही महिन्यातून एकदा हीच टिचकी. आवाज आला तर अंगठी काढून डबीत ठेवा आणि दुकानात न्या. पकडीने नख दाबू नका. झटपट चिकटणारा गोंद तर अजिबात लावू नका. तो काढल्याशिवाय कारागिराला काम सुरूच करता येत नाही, आणि गोंदाखाली नख किती झिजलंय तेही दिसत नाही.