नागपुरात आपल्या लोकांचा (गे, लेस्बियन, ट्रान्स, म्हणजे क्वीअर) अड्डा कसा जमवायचा

पहिलं म्हणजे पुण्या-मुंबईची कॉपी मारू नका, तिथं कोणी कोणाला ओळखत नाही, इथं धरमपेठेत चहा प्यायला तरी संध्याकाळपर्यंत मावशीला खबर लागते बाप्पा! म्हणून पहिली भेट रविवारी सकाळी फुटाळा तलावाकडे, पाच-सहा जणच, तर्री पोहे खात, कोणी पाहिलं तरी दोस्तच वाटतात. फोटो बिलकुल नाही. आडनाव पण विचारू नका, जात कळली की काही जणांचा सूरच बदलतो (हो, आपल्यातही).

भाषा वऱ्हाडी-हिंदी मिक्स चालू द्या. 'क्वीअर' म्हटलं की अर्धे चूप, आमच्याकडे एक पोरगा तीन भेटी नुसता प्लेट धरून बसला, चौथ्यांदा कोणीतरी म्हटलं, "काऊन बे, तुले कोणीच आवडत नाही का?" तेव्हा जो सुटला!

समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा कलम ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल सांगताना संविधानातलं कलम १४ (समानता) अन् २१ (जीवन अन् स्वातंत्र्य) वाचून दाखवा, दीक्षाभूमीच्या गावात ही भाषा पटकन पोचते. तृतीयपंथी मैत्रिणींना ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज भरून द्या, २०१९ च्या कायद्यानं ते जिल्हाधिकारी देतात.

मे महिन्यात मात्र सकाळी सहालाच बोलवा, नंतर उन्हात कोणी फिरकत नाही.