नवऱ्याला मोका पॉट भेट देताना

लातूर-नांदेडकडे दिवस चहानेच उजाडतो. तरीही नवरा कॉफीचा शौकीन असेल, तर वाढदिवसाला आणखी एका शर्टाऐवजी १९३३ साली इटलीत निघालेला मोका पॉट, म्हणजे वाफेच्या दाबाने खालचे पाणी कॉफीतून वर चढवणारे भांडे, द्यावा, कारण तो गॅसवर चालतो आणि लाइट गेली तरी अडत नाही. ॲल्युमिनियमचा पॉट मात्र साध्या इंडक्शन शेगडीवर तापत नाही.

खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंतच पाणी भरावे. आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने मी फिल्टरचे वापरते, कारण क्षार धरून झडप अडकली, तर वाफेला वाट उरत नाही. गाळणीत बारीक मिठाइतकी दळलेली, चिकोरी नसलेली कॉफी न दाबता भरावी. हे चिमुकले भांडे शेगडीवर कलंडते, म्हणून वांगी भाजायची जाळी खाली ठेवून मंद आचेवर चढवावे. वरच्या भांड्यात मधाच्या रंगाची धार येऊन फुरफुर सुरू झाली, की लगेच उतरवावे. नाहीतर कॉफी कडवट होते.

धुवायला गरम पाणी पुरते. सासूबाईंनी एकदा आमचा पॉट तारेच्या घासणीने लख्ख केला आणि पुढच्या दोन-तीन कपांना धातूची चव आली.