बोर्ड बदलला तरी कोड तोच: प्रोजेक्ट टेम्प्लेट कसं बनवायचं

समजा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याला लूमसाठी पिक काउंटर (लूमनं किती आडवे धागे, म्हणजे पिक, टाकले ते मोजणारा) करून द्यायचाय. आज अर्डुइनो ऊनो बोर्डावर केला, उद्या तो म्हणतो वायफाय पाहिजे म्हणजे ईएसपी३२ चिपचा बोर्ड आला, परवा दुसरा एसटीएम३२ चिपचा मागतो, आणि दरवेळी आपण जुना फोल्डर कॉपी मारून अर्धा दिवस पाथ दुरुस्त करत बसतो. एक टेम्प्लेट, म्हणजे नव्या प्रोजेक्टचा तयार साचा, करून ठेवा की ओ. फक्त पहिल्याच कामाला टेम्प्लेट काढायला बसू नका, दोन कामं चालू झाली की त्यात जे सेम निघालं तेवढंच उचला, नाहीतर कधीच न लागणारे पन्नास ऑप्शन घालून ठेवाल.

फोल्डर तीनच पुरे: कोअर, पोर्ट, टेस्ट. कोअरमध्ये मोजणी, शिफ्टचा हिशोब, पिकवरून मीटर काढणं, बास. इथं एकाही बोर्डाची हेडर फाइल (त्या बोर्डाच्या फंक्शनांची ओळख देणारी डॉट एच फाइल) घुसू द्यायची नाही, अर्डुइनो डॉट एच दिसली की टेम्प्लेट गेलंच म्हणून समजा. पोर्टमध्ये दर बोर्डाचा वेगळा फोल्डर आणि सगळ्यांत तीच तीन-चार फंक्शनं, सेन्सर वाचणं, वेळ देणं, डिस्प्लेवर लिहिणं. एक पोर्ट पीसीचं ठेवाच, म्हणजे मोजणी घरी लॅपटॉपवर तपासता येते, लूमच्या खडखडाटात उभं राहून डीबग कोण करणार!

कोअरमध्ये आकडा ठेवायला साधा इंट टाइप वापरू नका. ऊनोवर इंट १६ बिटचा असतो, ३२७६७ च्या पुढं गेला की मायनस दाखवतो. मिनिटाला दीडशे पिक धरले तर पावणेचार तासांच्या आतच गडबड, आणि ईएसपी३२ वर इंट ३२ बिटचा म्हणून तिथं हाच कोड व्यवस्थित चालतो, मग चूक सापडता सापडत नाही. सरळ यूइंट३२ (uint32_t) लिहा, तो सगळीकडं ३२ बिटचाच असतो.

बिल्डला, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवायला, सीमेक हे टूल घेतलं तर दर चिपच्या कंपायलरची टूलचेन फाइल (कुठला कंपायलर वापरायचा ते सांगणारी) वेगळी करा. एसटीएम३२ ला सिस्टीम नेम जेनेरिक द्या आणि ट्राय कंपाइलचा टार्गेट टाइप स्टॅटिक लायब्ररी करा, नाहीतर सीमेक सुरुवातीलाच चाचणीचा प्रोग्राम लिंक करायला जातं आणि लिंकर स्क्रिप्ट (चिपच्या मेमरीत काय कुठं बसवायचं ते सांगणारी फाइल) नसल्यामुळं तिथंच अडकतं. प्रीसेटची, म्हणजे ठरलेल्या सेटिंगांची, फाइल सीमेक ३.१९ पासून चालते, तिच्यात बोर्डांची नावं घातली की लांबलचक कमांड पाठ करायला नको. सगळे बोर्ड अर्डुइनो टाइपचेच असतील तर सीमेकऐवजी प्लॅटफॉर्मआयओ हे बिल्ड टूल सोपं पडतं, एकाच आयएनआय (सेटिंगच्या) फाइलीत दर बोर्डाचं एन्व्हायर्नमेंट आणि पीसीसाठी नेटिव्ह.

नवीन काम आलं की कुकीकटर हे टूल चालवा, टेम्प्लेटवरून प्रोजेक्टचं नाव, बोर्ड वगैरे विचारून फाइली भरून देतं. गिटहबची टेम्प्लेट रेपो (रेपो म्हणजे कोडचा साठा) पण चालते पण ती फाइली आहे तशा कॉपी करते, नावं हातानं बदलावी लागतात. आणि दोन्हीत एक भानगड आहे, नंतर टेम्प्लेट सुधारलं तरी जुन्या प्रोजेक्टात ते आपोआप जात नाही. म्हणून कोअरमधला कॉमन भाग वेगळ्या रेपोत टाकून गिटचं सबमॉड्यूल (एका रेपोत जोडलेली दुसरी रेपो) म्हणून जोडा, टेम्प्लेटमध्ये फक्त सांगाडा ठेवा.