कूलिंग टॉवरमध्ये लिजिओनेला वाढू नये म्हणून

लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू. तो शरीरात शिरतो पाणी थंड करणाऱ्या टॉवरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांसोबत, श्वासावाटे. २० ते ४५ अंश सेल्सिअसचं पाणी त्याला मानवतं आणि टाकीतलं पाणी बहुतेक वेळा तेवढंच असतं. तापमान हाताबाहेर असल्याने घाण आणि क्लोरीन यांवरच लक्ष ठेवायचं.

खरा अड्डा म्हणजे बुळबुळीत थर, गाळ आणि क्षार. त्याखाली क्लोरीन पोचत नाही, म्हणून मळक्या टॉवरमध्ये नुसता डोस वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात. ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठलेलं थोडं पाणी सोडून देणं, नीट चालू ठेवा. वापरात नसलेले पाइपचे बंद तुकडे कापून टाका. राखीव पंप आठवड्यातून एकदा तरी फिरवा.

सफाईआधी पंखे बंद करून ५ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त (जंतू मारायला शिल्लक असलेलं) क्लोरीन किमान ५ तास फिरवा. १०,००० लिटरला १० टक्के हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) हिशेबाने अर्धा लिटर लागतं. पण घाण क्लोरीन खाते, त्यामुळे दर तासाला मोजून भर घाला. पीएच ८ च्या वर गेला तर क्लोरीनचा जोर ओसरतो. मग टाकी रिकामी करा, गाळ काढा, फिल (पाणी पसरवणारे आतले थर) घासा, पाणी भरून पुन्हा क्लोरीन फिरवा. जेटने धुताना तुषार उडतातच, तेव्हा साधा कापडी मास्क चालत नाही, रेस्पिरेटर हवा. क्षार काढायचं आम्ल हायपोक्लोराइटमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

ड्रिफ्ट एलिमिनेटरमध्ये, म्हणजे बाहेर जाणारे तुषार अडवणाऱ्या पट्ट्यांमध्ये, फट दिसली तर आधी ती दुरुस्त करा.