भट्टीसाठी सिलिसाइडचं एलिमेंट निवडताना
बडोद्यात मकरपुऱ्याला भट्ट्या बसवताना गिऱ्हाईक विचारतं, "किती डिग्री जाईल?" मी उलट विचारतो, 500च्या आसपास किती वेळ रेंगाळणार? भट्टी तापवणारं हे एलिमेंट ज्याचं असतं ते मॉलिब्डेनम डायसिलिसाइड (मॉलिब्डेनम धातू आणि सिलिकॉनचं संयुग) 2000 अंशांपुढे वितळतं, पण 400 ते 600च्या पट्ट्यात हवेत त्याचा भुगा होऊ शकतो. मॉलिब्डेनमचा ऑक्साइड उडून न जाता भेगांत साचतो आणि एलिमेंटला हवेपासून वाचवणारा सिलिकाचा सलग थर धरतच नाही. हा पट्टा झटपट ओलांडा. जमणार नसेल तर ॲल्युमिनियम मिसळलेलं घ्या; भुगा कमी, आणि वर ॲल्युमिनाचा थर चढतो. टंगस्टन घातलं की तापल्यावर कमी लोंबतं. ठिसूळपणा मात्र कुणी घालवलेला नाही. थंड एलिमेंट बांगडीसारखं तुटतं, म्हणून क्लॅम्प बेताने आवळा, हेल्परला घाई करू देऊ नका.